कंबरदुखी पायात उतरते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

कंबरदुखी आणि सायटिका (कमरेतली नस दबल्याने किंवा सुजल्याने पायात उतरणारी कळ) यांबद्दल आलेल्या पत्रांमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. पहिलं पत्र मुद्दाम वर घेतलंय. ते ज्यांनी पाठवलं, त्यांनी पुढचा मजकूर डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर वाचावा.

प्रश्न : महिनाभर उजवा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत ठणकत होता. चार दिवसांपासून दुखणं बरंच कमी आहे, पण चालताना चप्पल पायातून निसटते आणि पाऊल जमिनीवर आपटतं. दुखणं उतरलं म्हणजे बरं होतंय असंच समजायचं ना?

नाही. आजच अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मणक्याच्या सर्जनना दाखवा. दुखणं कमी झालं आणि त्याच सुमारास जोरही गेला, ही चांगली खूण नाही. नस इतकी दबलेली असू शकते की ती वेदनाही नीट पोचवत नाही आणि स्नायूला हुकूमही देत नाही. चवडा वर उचलणारे स्नायू मुख्यतः कमरेच्या पाचव्या नसेवर चालतात. ती कमजोर झाली की चप्पल निसटते आणि पाऊल आपटतं. हा कमजोरपणा जितके दिवस तसाच राहील, तितकी ताकद पूर्ण परतण्याची शक्यता कमी होत जाते.

सायटिकाचं निदान झालेल्या प्रत्येकाने दर दोन-तीन दिवसांनी घरीच दोन गोष्टी तपासाव्यात. चवडे वर धरून नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला आणि दोन्ही चवडे सारखेच वर राहतात का ते बघा. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, टाच दहा वेळा उचला, आणि तेच दुसऱ्या पायाने करा. पहिल्या तपासणीत पाचव्या नसेचा जोर कळतो, दुसरीत तिच्या खालच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पहिल्या नसेचा. दुखतं म्हणून न जमणं वेगळं आणि दुखत नसतानाही पाय उचललाच न जाणं वेगळं. दुसरा प्रकार दिसला तर थांबू नका.

याहूनही तातडीची लक्षणं आहेत. लघवी लागूनही होत नाही किंवा नकळत होते, शौचावर ताबा राहत नाही, सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तेवढाच बधिर झालाय, दोन्ही पायांत एकदम मुंग्या किंवा कमजोरी आली आहे. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो. तो सगळाच दाबला गेला की असं होतं. मग रात्र असो की सुट्टी, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, दीर्घकाळ चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हाडं ठिसूळ असताना पडणं, किंवा कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, यांपैकी काही कंबरदुखीच्या जोडीला असेल तर पुढचे घरगुती उपाय करण्याआधी तपासणी करून घ्या.

प्रश्न : वय ४१, काम बैठं. दहा दिवसांपासून कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये ‘एल ५–एस १ इथे गादी सरकली, नस दबली’ असं आलंय. घरचे म्हणतात महिनाभर पलंगावरून उठू नकोस. एवढी विश्रांती लागेल का?

महिनाभर नाहीच. कळ अगदी असह्य असेल तर एक-दोन दिवस आडवं राहायला हरकत नाही, तेही सलग नाही. झोपून राहिल्याने सायटिका लवकर बरा होत नाही. स्नायू मात्र भराभर ताकद गमावतात आणि उठायची भीती वाढत जाते.

तुमच्या पायात काय चाललंय ते कळलं की निम्मी धास्ती कमी होईल. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या चौथ्या-पाचव्या आणि त्रिकास्थीच्या पहिल्या तीन नसा एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली जाते. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. तिचं सरकणं बहुतेक वेळा शेवटच्या दोन जागी होतं (एल म्हणजे कमरेचा मणका, एस म्हणजे त्रिकास्थीचा). एल ४–एल ५ ला झालं तर कळ सहसा नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे येते. एल ५–एस १ ला झालं तर पोटरीच्या मागून पावलाच्या कडेने करंगळीकडे. तुमची करंगळी आणि तुमचा रिपोर्ट एकच गोष्ट सांगतायत, म्हणून तो रिपोर्ट खरा मानायचा. हे जुळत नसेल तर रिपोर्टमधली सरकलेली गादी या दुखण्याचं कारण नसूही शकते. ज्यांना कधीच कंबरदुखी नव्हती अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. त्यांना काहीच दुखत नव्हतं. रिपोर्टातला ‘डिजनरेशन’ (झीज) हा शब्द वाचून माणसं हादरतात, हे आम्हाला मनापासून खटकतं.

गादीच्या आतला मऊ गर बाहेर आला की नस नुसती दाबली जात नाही, त्या गरातल्या रसायनांनी सुजतेही. म्हणून दाब थोडा असूनही कळ भयंकर असू शकते. बाहेर आलेला गर शरीर परका समजतं आणि पेशी पाठवून तो हळूहळू शोषून घेतं. मोठा, पार सुटून बाहेर पडलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. रिपोर्टात ‘मोठा’ हा शब्द वाचून शस्त्रक्रिया नक्की झाली असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरतं.

या काळात काय करायचं? दर अर्ध्या तासाला उठायचं, घरातल्या घरात पाच-सात मिनिटं चालायचं, दुखणं सोसवेल तितपत रोजची कामं चालू ठेवायची. पुढे वाकून वजन उचलणं आणि खोल सोफ्यात रुतून बसणं तेवढं टाळायचं. कळ किती आहे यापेक्षा ती कुठपर्यंत जाते याची रोज नोंद ठेवा : आज करंगळी, परवा पोटरी, पुढच्या आठवड्यात मांडी. ती वर सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी तुमची दिशा बरोबर आहे.

प्रश्न : सायटिकासाठी म्हणून पाय सरळ ठेवून पुढे वाकून अंगठे धरायचा व्यायाम सुरू केला. करताना ताण बरा वाटतो, पण नंतर तासभर पोटरी जळते. व्यायाम चुकतोय की जोर कमी पडतोय? आणि मग करायचं तरी काय? (वय ३६)

व्यायामच चुकीचा आहे, आजपासून बंद करा. मांडीच्या मागे जो ताण जाणवतो तो नुसता स्नायूचा नाही. आधीच सुजलेली नस तुम्ही दोन्ही टोकांनी ओढताय. शिवाय पुढे वाकल्यावर गादीतला गर मागे, नसेच्या दिशेने ढकलला जातो. करताना बरं वाटणं ही खूण फसवी असते. व्यायामानंतर दहा-पंधरा मिनिटांनी दुखणं कुठे आहे ते बघायचं. पाय निवून कंबर दुखली तर व्यायाम लागू पडतोय. पायातली कळ आणखी खाली उतरली आणि तिथेच राहिली तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही नावाजलेला असो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी याच निरीक्षणावर आपली पद्धत उभी केली.

गादीमुळे झालेल्या सायटिकात, म्हणजे बसल्यावर आणि वाकल्यावर वाढणाऱ्या आणि चालल्यावर हलक्या होणाऱ्या दुखण्यात, बहुतेकांना मागे वाकणं मानवतं. त्याच्या पायऱ्या अशा. आधी कडक गादीवर किंवा सतरंजीवर पालथं झोपा, हात अंगाशी, मान एका कुशीला, पाच मिनिटं. एवढ्यानेही पाय दुखला तर पोटाखाली पातळ उशी घ्या आणि दोन-तीन दिवसांत ती काढा. हे सहज जमलं की कोपरांवर या : कोपर बरोबर खांद्याखाली, पोट सैल, दोन-तीन मिनिटं. त्यानंतर तळवे खांद्यांजवळ टेकवून हात सरळ करत छाती उचला. खुबे आणि ओटीपोट जमिनीलाच राहू द्या, वर एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. एका दिवसात तिन्ही पायऱ्या चढायची घाई नको. ज्या पायरीवर कळ वर सरकते, त्याच पायरीवर दोन दिवस राहा.

इथे चुका ठरलेल्या असतात. एक म्हणजे कुल्ले आवळून धरणं. त्यामुळे कंबर वाकतच नाही आणि सगळा जोर खांद्यांवर येतो. कुल्ले सैल आहेत का, हे घरातल्या कुणाला बोटाने दाबून बघायला सांगा. दुसरी चूक म्हणजे श्वास रोखणं. हात सरळ होताना श्वास सोडायचा. तिसरी चूक व्यायामानंतरची : दहा वेळा मनापासून मागे वाकायचं आणि मग तासभर पाठ गोल करून मोबाइल बघत बसायचं. त्या तासाने केलेलं सगळं पुसलं जातं.

आरशासमोर उभं राहून खांदे आणि कंबर एका रेषेत आहेत का तेही बघा. धड एका बाजूला झुकलेलं दिसत असेल तर पालथ्या व्यायामाने दुखणं बहुधा वाढेल. आधी कंबर बाजूने सरळ करावी लागते आणि ते फिजिओथेरपिस्टकडून हाताने शिकून घ्यायचं काम आहे. वाचून जमत नाही.

पोटरीपर्यंतची कळ मांडीपर्यंत आली की नस हळूच हलती करायचा व्यायाम घाला. खुर्चीच्या कडेला थोडं पोक काढून बसा. दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करत चवडा आपल्याकडे ओढा आणि त्याच वेळी मान वर, छताकडे न्या. पाय खाली आणताना हनुवटी छातीकडे आणा. खालून नस ओढली जाते तेव्हा वरून ती सैल सोडायची, म्हणजे ती ताणली न जाता तिच्या जागेत सरकते. उलट केलंत, म्हणजे पाय सरळ करतानाच मान खाली घातलीत, तर ती दोन्हीकडून ताणली जाईल. दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिली ओढ जाणवली की तिथेच परत फिरा. मुंग्या येईपर्यंत न्यायचं नाही.

कंबर स्थिर ठेवणारे स्नायू मजबूत करायची पाळी यानंतर येते, पाय बऱ्यापैकी शांत झाल्यावर. कॅनडाचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम पुरेसे आहेत. पहिला : उताणं झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली. फक्त डोकं आणि खांदे दोन-तीन बोटं उचला, पोकळी तळव्यांवर दाबू नका. दुसरा : कुशीवर झोपून कोपर आणि गुडघ्यांवर कंबर उचलून धरा, दोन्ही कुशींना. तिसरा : हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवा, मग उलट. हे करताना कमरेवर पाण्याचा ग्लास ठेवलाय अशा बेताने कंबर सपाट ठेवा. पाय फार वर गेला की ती हटकून तिरकी होते. प्रत्येक वेळी सात-आठ सेकंद धरायचं, दहाच्या वर नाही. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. एकदाच मिनिटभर धरून थरथरण्यापेक्षा असे तुकडे बरे, कारण दमलेला स्नायू सोडून देतो आणि भार कण्यावर जातो. सिट-अप्ससारखे, उताणं झोपून पोटाच्या जोरावर पूर्ण उठून बसायचे व्यायाम या दुखण्यात नकोत.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. पाच-सात मिनिटं चालली की दोन्ही पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात. बाकावर बसली की दोन मिनिटांत मोकळी. पालथं झोपून मागे वाकायचे व्यायाम तिला सांगितले, तर त्रास वाढला.

त्रास वाढणारच होता. ते व्यायाम बंद करा. आईंचं दुखणं बहुधा गादीचं नाही, नसांची वाट अरुंद झाल्याचं आहे. वयानुसार सांधे जाड होतात, मणक्यामागचे बंध जाड होतात आणि नसांना जागा उरत नाही. उभं राहिल्यावर आणि मागे वाकल्यावर ती आणखी कमी होते, बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर वाढते. म्हणून चढ चढताना, सामानाची ढकलगाडी धरून किंवा काठीवर झुकून चालताना अशा लोकांना हलकं वाटतं आणि उतारावर जड.

आईंसाठी उलट दिशेचे व्यायाम : उताणं झोपून दोन्ही गुडघे हाताने धरून छातीकडे आणायचे, वीस सेकंद धरायचे, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. जागेवरची सायकल दहा मिनिटांपासून सुरू करा, त्यात धड आपोआप पुढे झुकतं. चालायला सांगताना पाय जड व्हायच्या आधीच बसायचं ठरवा. पाचव्या मिनिटाला जड होतात ना, तर चार मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, असं पाच फेऱ्या. तग धरून रेटत राहिल्याने क्षमता वाढत नाही.

एक फरक मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्याच. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. तिथे नुसतं उभं राहूनही दुखणं थांबतं, बसावं लागत नाही, आणि सायकलवरही त्रास होतो. पाऊल थंड पडतं, नाडी मंद लागते. मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर ही शंका आधी घ्यायची.

प्रश्न : झोपायचं कसं? जमिनीवर किंवा फळीवर झोपायचा सल्ला मिळालाय.

फळीची गरज नाही. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी जास्त मानवली. गादी मधोमध खोलगट झाली असेल तर ती बदला, एवढंच.

कुशीवर झोपत असाल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी हवी आणि ती घोट्यापर्यंत पोचायला हवी. नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि कंबर रात्रभर पिळलेली राहते. उताणं झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली उशी घ्यावी. उठताना पोटावर जोर देऊन सरळ उठू नका. आधी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाबाहेर सोडा आणि हातांनी रेटून उठा.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची साधारण एक-दोन सेंटिमीटर जास्त असते. फुगलेल्या गादीवर वाकल्याचा ताण जास्त पडतो. उठल्या उठल्या पुढे वाकायचे व्यायाम करणं, वाकून केर काढणं, बेसिनवर ओणवं होऊन दात घासणं, सगळं तासभर पुढे ढकला. मोजे घालायला वाकण्याऐवजी उताणं पडून पाऊल आपल्याकडे आणा.

प्रश्न : गोळ्या, पट्टा, शेक, यांतलं काय आणि किती दिवस?

शेक बिनधास्त घ्या, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि कमरेवर. पायावर नको, कारण त्रासाचं मूळ कमरेत आहे. त्वचा बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर पिशवी टॉवेलात गुंडाळा आणि ती अंगाखाली घेऊन झोपू नका. भाजलेलं कळत नाही. बर्फाने बरं वाटत असेल तर बर्फ चालेल. दोन्हींत चढाओढ लावण्यात अर्थ नाही.

गोळ्यांबद्दल लोकांच्या अपेक्षा खऱ्या परिणामापेक्षा मोठ्या आहेत. ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉलने ताजी कंबरदुखी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा लवकर बरी झाली नाही. आयबुप्रोफेनच्या जातीतल्या गोळ्यांनी थोडा उतार पडतो. त्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यायच्या. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. नसेच्या दुखण्यावर म्हणून प्रीगॅबालिन सर्रास दिलं जातं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकावर त्याचा खोट्या गोळीहून जास्त उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. ते बरेच दिवस चालू असेल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

पट्टा प्रवासात किंवा उभ्याच्या कामात, एका वेळी एक-दोन तास, तोही पहिले काही दिवस. दिवसभर बांधून ठेवलात तर तो काढायची भीती वाटू लागते.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. कंबर आणि कुल्ला दुखतो, कूस बदलताना जीव जातो. हा सायटिकाच का?

बहुधा नाही. कळ गुडघ्याखाली जात नसेल आणि कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहताना वाढत असेल तर ते कटिभागाच्या सांध्यांचं दुखणं असतं. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून एकत्र वळवा, कपडे बसून घाला, जिन्यावर एका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत चढा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोतच. दर ठरावीक वेळाने येणारी कंबरेतली कळ, रक्तस्राव किंवा लघवीची जळजळ असेल तर लगेच आपल्या डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : नऊ तास खुर्चीत जातात. महाग खुर्ची घ्यावी का? शिंक आली तरी कंबरेत वीज चमकते.

आहे तीच खुर्ची आधी नीट लावा. सीट इतकी उंच हवी की पावलं पूर्ण टेकतील आणि गुडघे खुब्यांच्या किंचित खाली राहतील. कमरेच्या पोकळीत, पट्टा बांधतो त्या उंचीला, मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढी जाड टॉवेलची गुंडाळी ठेवा. मागच्या खिशातलं पाकीट काढा, ते बरोबर सायटिक नसेच्या वाटेवर दाबतं. एवढं केलं तरी सलग दोन तास बसायचा परवाना मिळत नाही. दर तीस मिनिटांनी उभे राहा, हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका, बसा. याला अर्धं मिनिट लागतं. फोन उभ्यानेच घ्यायची सवय लावा.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेकवा, दुसरा कमरेच्या पोकळीत, आणि छाती वर काढून किंचित मागे झुका. बसल्या जागी पुढे वाकून शिंकण्याने गादीवर सर्वांत वाईट झटका बसतो.

प्रश्न : नऊ आठवडे झाले. व्यायाम मनापासून केले. पाय अजून तितकाच दुखतो, झोप नाही. शस्त्रक्रिया टाळत राहणं योग्य आहे का?

जोर शाबूत असेल, लघवी-शौच ठीक असेल, तर निर्णय तुमचा आहे आणि दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा असू शकतो. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांवर अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं पाय दुखणं लवकर थांबलं, पण वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही तितकंच खरं. म्हणजे शस्त्रक्रियेने तुम्ही मुख्यतः वेळ मिळवता. झोप आणि काम दोन्ही उद्ध्वस्त झालं असेल तर तो वेळ लहान नाही.

सर्जनना नेमकं विचारा : माझी कळ, माझी तपासणी आणि एमआरआय एकाच नसेकडे बोट दाखवतात का? दाखवत असतील तर पाय दुखणं थांबण्याची शक्यता चांगली. त्रास मुख्यतः कमरेत असेल तर या शस्त्रक्रियेने तो जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांपुरता उतार देऊ शकतं, व्यायामाला वाट करून देतं, पण गादी दुरुस्त करत नाही.

प्रश्न : बरं झालं, पण दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा उसण भरते. कायमचा उपाय आहे का?

पुन्हा कधीच होणार नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोन दुखण्यांमधलं अंतर मात्र वाढवता येतं, आणि त्याला चालण्यासारखं साधन नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालणं वाढवलेल्यांपैकी निम्म्यांना पुन्हा दुखेपर्यंत २०८ दिवस गेले, काहीच न करणाऱ्यांमध्ये ११२.

आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटं, इथे पोचायला सहा महिने घ्या. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर नेहमीपेक्षा जास्त आखडली नसेल तर पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवा, आखडली असेल तर आहे तिथेच राहा. हात मोकळे सोडून, थोडं झपझप चाला. रेंगाळत चालण्याने कमरेला उलट जास्त वेळ उभं राहावं लागतं. वर सांगितलेले तीन स्थिरतेचे व्यायाम एक दिवसाआड चालू ठेवा.

उसण भरलीच तर पहिल्या दिवशी शेक घ्या आणि तासातासाला पाच मिनिटं घरात चाला. दुसऱ्या दिवशी पालथ्या झोपण्याच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करा आणि कळ पायात उतरते का ते बघा. फिरायला पुन्हा जाल तेव्हा जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्या मिनिटांपासून सुरू करा.